वंशावळीतला दगडू तसाच राहू द्या: जुन्या नावांबाबत या चुका टाळा

घराण्याचा इतिहास लिहायला बसणारी माणसं वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्तानं गावोगावची दप्तरं उघडली गेली आणि पणजोबांचं नाव कागदावर बघण्याची गोडी पुष्कळांना लागली. पण त्याच त्या चुकाही पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यातल्या बहुतेक नावांच्या बाबतीतल्या असतात आणि थोडा धीर धरला तर सहज टळतात.

नाव ‘सुधारून’ लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक. दगडू, धोंडू, केरू, भिकू, कचरू, उकिरडा, चिंधी ही नावं छापायची वेळ आली की घरच्यांना खटकतात. मग दगडूचा दिगंबर होतो, केरूचा केशव होतो आणि चिंधीबाई तर वंशावळीतून नाहीशीच होतात.

ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं अशी नावं मुद्दाम ठेवत. नावडतं नाव असलं की दृष्ट लागणार नाही, मरण त्या बाळाकडे फिरकणार नाही, ही श्रद्धा. बाळाला केरावर ठेवून उचललं की केरू, दुसऱ्याच्या दारातून मागून आणल्यासारखं केलं की भिकू, मुलाचं नाक टोचलं की नथू. म्हणजे असं नाव दिसलं की त्याच्या आधीची भावंडं गेली असण्याची दाट शक्यता असते आणि ती कुठं शोधायची तेही कळतं: त्याच्या जन्माआधीच्या पाच-सात वर्षांच्या मृत्यूनोंदींत. इतका मोठा धागा आपण केवळ लाज वाटते म्हणून तोडतो.

वाईकडच्या एका कुटुंबानं माझ्याकडे रंगीत, चौकटी आखलेली वंशावळ आणली होती. चौथ्या पिढीला ‘दिगंबर’. गावच्या फेरफारात दिगंबर नाही, हक्कनोंदीत नाही, शेजारच्या गावातही नाही. एका नोंदीत ‘दगडू बिन केरू’, म्हणजे केरूचा मुलगा दगडू, सापडला. जमिनीचा गट तोच, मुलांची नावंही जुळत होती, पण घरातले कर्ते पुरुष हा आपला नव्हेच म्हणून अडून बसले. शेवटी नव्वदीच्या आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “दिगंबर कुठला आलाय? दगडूच तो. पुण्याला नोकरीला लागलेल्या नातवानं लग्नाच्या पत्रिकेत छापायला बदललं.” पत्रिकेवरून ते नाव फोटोखाली गेलं आणि तिथून वंशावळीत.

मग कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, काढलं. पान पिवळं पडलेलं, शाई कडेला फुटलेली. मृत्यूच्या बाजूला केरूच्या नावापुढं दोन नोंदी होत्या, एक ‘मुलगा’ आणि एक ‘मुलगी’. नावाचा रकाना कोरा, कारण बारसं व्हायच्या आतच दोघंही गेली होती. त्यानंतरच्या वर्षी जन्माच्या बाजूला पुन्हा ‘मुलगा’. तो दगडू. ती दोन बाळं त्या घरात कुणालाच माहीत नव्हती. शिवाय पलीकडच्या गावातली एक शाखा कितीतरी वर्षं आपल्या ‘दगडूतात्यां’चं घर शोधत होती, तीही यामुळं जोडली गेली. दिगंबर कायम ठेवला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक धोंडू या कारणानं धोंडू झालेला नसतो. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचं नावही धोंडू किंवा धोंडो ठेवत. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, त्यामुळं जुनं पंचांग हाताशी असेल तर जन्मतारखेचा अंदाजही बांधता येतो. पण आधी मृत्यूनोंदी बघा, मगच मत बनवा.

एकाच बाईच्या दोन बाया करणं

लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं नवं नाव लिहिलं की माहेरची यमुना सासरच्या कागदात कायमची हरवते. पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. झाशीच्या लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं. इतक्या प्रसिद्ध बायकांची ही गत, तर आपल्या पणजीची काय असेल? मग हौशी मंडळी माहेरच्या नोंदीतली गोदावरी आणि सासरच्या नोंदीतली लक्ष्मी अशा दोन बायका मांडतात आणि पणजोबांची दोन लग्नं लावून देतात. दोन लग्नं झालेलीही असतात, पण पहिलीच्या मृत्यूची नोंद सापडल्याशिवाय मी दुसरी बायको लिहीत नाही.

जुन्या उताऱ्यात बाईच्या नावापुढं ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ असतं. त्यानंतरचं नाव नवऱ्याचं, बापाचं नव्हे. पुरुषाच्या नावापुढचं ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. हे तीन शब्द न शिकता लोक उतारे वाचायला बसतात आणि नवऱ्याला सासरा करून ठेवतात.

माझी सवय सांगते. लांब वहीत एका माणसाला एक पान. वरच्या ओळीत कागदावर आहे तसंच नाव, काना-मात्राही न बदलता, आणि शेजारी कोणता कागद, कोणतं गाव. त्याखाली हाकेचं नाव, पाळण्यातलं नाव, सासरचं नाव, शाळेतलं नाव. सगळं पेन्सिलीनं. संगणकावर झाड काढणारी ॲपं मी वापरत नाही, कारण त्यांत नावाची मुख्य चौकट एकच असते आणि नवखा माणूस ती भरायच्या घाईत उरलेली नावं टाकून देतो.

हाकेचं नाव खरं समजणं

अण्णा, तात्या, नाना, बापू, बाळ. टिळकांचं मूळ नाव केशव, पण जगानं ओळखलं ते ‘बाळ’ या हाकेच्या नावानं. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की सून सासऱ्याचं नाव घेईना, त्यामुळं घरात दुसरंच नाव रुळायचं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना “पूर्ण नाव काय?” एवढंच विचारू नका. “हाक काय मारायचे? बारशाला आत्यानं काय नाव ठेवलं? कुणाचं ठेवलं?” असं विचारा. आणि आधी बायकांना विचारा.

पिराजी, फकिरा, हुसेन दिसला की गोष्ट रचणं

हा प्रकार मला फार खुपतो. हिंदू घराच्या वंशावळीत पिराजी किंवा फकिरा आला की कुणी धर्मांतराची कथा रचतं, तर कुणी ते नावच खोडतं. आपल्याकडे पिराला नवस बोलणं सर्रास चालायचं. मालोजीराजांनी नगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसानं झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. पिराजी नाव सापडलं तर जवळपासचा दर्गा, तिथला उरूस आणि घरात त्या दिवशी पाळला जाणारा नेम शोधा. घर मूळचं कुठल्या पट्ट्यातलं, याचा अंदाज त्यावरून पुष्कळदा येतो.

थोडक्यात आणखी काही

मोडी लिपीत इकार-उकारांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत, त्यामुळं विचित्र लांबलचक नाव वाचलंत तर आधी ते तोडून बघा.

ऑनलाइन सातबाऱ्यावर एकाच स्पेलिंगनं शोधून ‘नाव नाही’ म्हणू नका. तुकाराम, तुका, तुकाजी, तीनही घालून बघा.

वडिलांचं नाव अचानक बदललं तर दत्तकाचा विचार करा. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले.

शाळेच्या दाखल्यावरचं नाव मास्तरांनी नीटनेटकं केलेलं असू शकतं. मास्तर अंदाजानं घालत ती १ जून ही जन्मतारीख दिसली तर त्या दाखल्यातल्या नावावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

आडनावावरून कूळ सांगणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या याद्या वंशावळीत चिकटवू नका. वंशावळी सांगणारे हेळवी किंवा तीर्थक्षेत्रीचे तीर्थोपाध्ये यांच्या वहीत काय आहे ते स्वतः जाऊन बघा.

जिवंत माणसांची नावं न विचारता छापणं

मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकुशा, नकोशी अशी नावं ठेवली गेली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली. नाव न सुधारण्याचा माझा आग्रह अशा हयात मुलीच्या बाबतीत मी धरत नाही. छापील वंशावळीत तिनं निवडलेलं नावच जातं. जुनं नाव माझ्या वहीत ठेवू का, हे मी तिलाच विचारते आणि ती नको म्हणाली तर तिच्यासमोर खोडते. तिचे वडील किंवा भाऊ “लिहा हो, काय बिघडतं” म्हणाले तरी नाही.