चालण्याची शर्यत कशी पाहावी

चालण्याची शर्यत प्रथमच पाहताना नजर आपोआप सर्वांत पुढच्या स्पर्धकावर खिळते. ती तिथून काढून घ्यावी, कारण या खेळात पुढे कोण आहे याइतकेच तो कसा चालतो आहे यालाही महत्त्व असते.

पूर्वी असे नव्हते. १८०९ मध्ये इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे कॅप्टन बार्कले यांनी १००० तासांत १००० मैल, तेही दर तासाला एक मैल याप्रमाणे, चालण्याची पैज जिंकली. यात कस वेगाचा नव्हता, झोपेचा होता. लोक जमत ते हा गडी कोसळतो की तग धरतो हे पाहायला. १८७८ मध्ये सर जॉन अ‍ॅस्टली यांनी लंडनमध्ये सहा दिवसांची, विजेत्याला मानाचा कमरपट्टा देणारी स्पर्धा सुरू केली. रविवार वर्ज्य असल्याने मुदत सहाच दिवसांची. चालावे की धावावे हे स्पर्धकाच्या मर्जीवर सोडल्याने चाल शुद्ध की अशुद्ध हा वादच उरला नाही. पहिला पट्टा डॅनियल ओ'लिअरी यांनी ५२० मैल कापून पटकावला. पुढे सायकलच्या शर्यतींनी हे प्रेक्षक ओढून नेले, आणि माझ्या मते ते स्वाभाविकच होते, कारण मैल मोजण्यापलीकडे तिथे पाहण्यासारखे फारसे नव्हते.

आजच्या शर्यतीत ते आहे. नियम दोनच: जमिनीशी संपर्क तुटल्याचे नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नये, आणि पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराखाली उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघा सरळ राहिला पाहिजे. म्हणून रस्त्याच्या कडेला, स्पर्धक बाजूने दिसतील अशा ठिकाणी उभे राहावे. समोरून गुडघ्याचा वाक नीट कळत नाही. एकच स्पर्धक निवडून त्याची सलग काही पावले पाहावीत. मार्ग फेऱ्यांचा असल्याने तो पुन्हा समोरून जातोच, आणि थकल्यावर चाल कशी बिघडते हे तुलनेने लक्षात येते. संथ गतीच्या चित्रफितीत बहुतेकांचे पाय क्षणभर अधांतरी दिसतात, पण त्यावरून कोणाला दोषी ठरवू नये. पंचांनाही साधी नजरच वापरावी लागते, आणि प्रेक्षकाला पंचाच्या इतक्या बरोबरीने पाहता येईल असे खेळ थोडेच आहेत.

पंचाने दाखवलेला पिवळा फलक म्हणजे ताकीद. त्यावरील नागमोडी रेघ संपर्क तुटत असल्याची, तर कोनाची खूण गुडघा वाकत असल्याची. लाल कार्ड म्हणजे स्पर्धकाला बाद करावे अशी पंचाची शिफारस; अशा कार्डांची नोंद मार्गालगतच्या फलकावर होते. त्याच्याकडे दर फेरीला एक नजर टाकावी. तीन वेगवेगळ्या पंचांची कार्डे जमली की स्पर्धक बाद होतो, किंवा जिथे दंड-कक्षाची सोय असते तिथे त्याला ठरावीक वेळ थांबावे लागते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये २० किलोमीटरच्या शर्यतीत आघाडीवर असलेली ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल स्टेडियमच्या तोंडाशी पोहोचली असताना बाद झाली. शेवटच्या १०० मीटरमध्ये तर चूक उघड असेल तर मुख्य पंच एकटाही स्पर्धकाला बाद करू शकतो; तेव्हा पहिला आलेला रेषा ओलांडून गेला तरी निकाल जाहीर होईपर्यंत जागा सोडू नये.