मिडफिल्डरच्या या चुका टाळा: बॉल पायात येईपर्यंत उशीर झालेला असतो

मिडफिल्डला खेळायचंय म्हणून येणाऱ्या पोरांचं पहिलं मागणं ठरलेलं असतं: 'सर, थ्रू पास शिकवा.' बचाव फोडून स्ट्रायकरच्या पुढ्यात पडणारा पास सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. तो देणाऱ्यानं आधी मान किती वेळा फिरवली, अंग कुठल्या बाजूला उघडं ठेवलं, याकडं कुणाचं लक्ष नसतं. कोल्हापूरची पोरं शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमच्या मॅच बघत वाढतात. आमच्या सोलापुरात मैदानावर आधी क्रिकेट, मग खो-खो, कबड्डी, आणि उरलेल्या कोपऱ्यात फुटबॉल. त्यामुळं आपली पोरं खेळ शिकतात ती मोबाइलवरच्या तुकड्यांतून, आणि त्या तुकड्यांत फक्त शेवटचा पास असतो.

न बघता, समोरच्या गोलकडं पाठ करून बॉल घेणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. एका शालेय स्पर्धेतला प्रसंग सांगतो. आमचा सहा नंबर, म्हणजे बचावाच्या लगेच पुढं खेळणारा मिडफिल्डर, पायात कौशल्य भरपूर. स्टॉपरनं, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूनं, त्याला साधा पास दिला. हा आपल्याच गोलकडं तोंड करून उभा, दोन्ही पाय जुळलेले, नजर बॉलवर. मागं दहा-बारा पावलांवर समोरच्या टीमचा खेळाडू होता. पास सुटल्याबरोबर तो धावला, आणि बॉल आणि तो एकाच वेळी पोचले. बॉल गेला, पुढच्या दोन पासमध्ये गोल झाला.

हाफटाइमला विचारलं तर म्हणाला, 'सर, कुणी ओरडलंच नाही.' खरं नुकसान त्यानंतर झालं. दुसऱ्या हाफमध्ये भीतीनं तो आलेला प्रत्येक बॉल तसाच स्टॉपरला परत देत राहिला. समोरची टीम आणखी वर चढली आणि आमच्या दोन्ही फॉरवर्डना शेवटपर्यंत बॉल मिळाला नाही. बाहेरून पालक ओरडत होते, 'वळ की बे!' पण मागं काय आहे हेच माहीत नसलेला पोरगा वळणार कुठं?

नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांबाबत हेच मोजलं: बॉल येण्याआधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा आजूबाजूला बघतो. जास्त बघणाऱ्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होते. चेल्सीचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड त्या यादीत वरच्या जागी होता.

कधी बघायचं हेही शिकावं लागतं. बॉल दोन दुसऱ्या खेळाडूंच्या मध्ये जमिनीवरून चाललेला असतो, तेव्हा त्याला कुणाचाच पाय लागू शकत नाही. ती पहिली वेळ. आपल्याला पास देणारा बॉल थांबवतो, तेव्हा दुसरी. बॉल आपल्याकडं निघाल्यावर नजर बॉलवरच हवी.

हे शिकवायचा माझा सराव असा आहे. स्टॉपर बारा पावलांवर, मधे मिडफिल्डर, त्याच्या मागं एक विरोधी. या विरोधीला मी खुणेनं सांगतो, कधी अंगावर चढायचं आणि कधी जागेवर थांबायचं. तो थांबला तर मिडफिल्डरनं अंग तिरकं ठेवून लांबच्या पायावर बॉल घ्यायचा आणि पुढं वळायचं. तो चढला तर एका स्पर्शात बाजूच्याला द्यायचा. प्रशिक्षकानं पोराच्या मागं उभं राहून बोटं दाखवायची आणि त्यानं मान वळवून किती बोटं ते ओरडायचं, हा प्रकार मी पहिल्या आठवड्यानंतर बंद करतो. पोरं आकडा बघायला शिकतात, माणूस बघायला नाही.

खो-खो खेळून आलेली पोरं इथं लवकर तयार होतात, हे मी आवर्जून सांगतो. पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठं झुकला हे धावता धावता बघायची सवय त्यांना आधीपासून असते. अशा पोराला फुटबॉलसाठी खो-खो सोडायला लावू नका.

नुसत्या कोनभोवती पास

मैदानावर ठेवलेले चार प्लास्टिकचे कोन, चार पोरं, बॉल गोल फिरतोय, सगळे खूश. व्हिडिओ काढायला फार छान दिसतं. पण कोन अंगावर येत नाही, पासची वाट अडवत नाही. मिडफिल्डरचं निम्मं काम म्हणजे निर्णय, आणि या ड्रिलमध्ये निर्णय नसतोच. पाय गरम करायला दहा मिनिटं करा, पुढं नको.

रोंडोचंही, म्हणजे बाहेरच्यांनी पास द्यायचे आणि मधल्यांनी बॉल हिसकवायचा या खेळाचंही, तेच होतं. प्रशिक्षक योहान क्रायफच्या बार्सिलोनामुळं रोंडो जगभर पसरला, पण आपल्याकडं तो वर्तुळात उभं राहून मधल्या दोघांना पळवायची मजा होऊन बसलाय. मी चौघांविरुद्ध दोघं एवढा रोंडो थोडाच वेळ घेतो. मग तीस बाय वीस पावलांचा आयत आखतो: आत चार विरुद्ध चार, दोन टोकांना एकेक आणि मधे एक मिडफिल्डर. हे तिघंही बॉल ज्याच्याकडं असेल त्या बाजूचे. एका टोकाचा बॉल मधल्यामार्फत दुसऱ्या टोकाला पोचला तरच गुण. नुसते दहा पास झाले तर शून्य. आक्रमण उभारायचं म्हणजे बॉलला दिशा हवी, आणि ती पोरांना ओरडून कळत नाही, गुण मोजण्याच्या पद्धतीतून कळते.

यात चुका भरपूर होतात, खेळ विस्कटतो, पहिले काही दिवस बघवत नाही. कंटाळून परत कोनकडं वळणारे प्रशिक्षक मला अजिबात पटत नाहीत.

तिसऱ्या माणसाची घाई

मिडफिल्डरवर माणूस चिकटलेला असेल तर स्टॉपरनं त्याला ओलांडून थेट स्ट्रायकरच्या पायात द्यावं, आणि स्ट्रायकरनं एका स्पर्शात तो मागं मिडफिल्डरला. हा मिडफिल्डर म्हणजे तिसरा माणूस. आता मिडफिल्डरचं तोंड समोरच्या गोलकडं असतं. घोळ वेळेचा होतो. पोरं स्टॉपरनं पाय उचलायच्या आधीच पळतात आणि स्ट्रायकरच्या अंगाला जाऊन भिडतात. पास स्टॉपरच्या पायातून सुटला की निघायचं, त्याआधी नाही.

बाकीच्या, थोडक्यात

दोन्ही सेंट्रल मिडफिल्डर एका रेषेत उभे राहू नका. एक पुढं, एक मागं, म्हणजे एका पासमध्ये दोघंही कापले जात नाहीत.

डाव्या पायाचं काम 'नंतर बघू' म्हणून ढकलू नका.

२०१९ पासून गोल किकचा बॉल पेनल्टी एरियाबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, किक बसली की खेळ सुरू, म्हणजे जवळच्या स्टॉपरलाही पास देता येतो. तरी आपले गोलकीपर अजून सगळ्यांना लांब पाठवून उंच मारतात आणि मिडफिल्डर नुसतं वर बघत राहतो.

'मैदानच खराब आहे' ही तक्रार करण्याआधी बॉलची हवा बघा. नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर, म्हणजे साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय चालते. आपल्या कडक, खडीच्या मैदानावर टणक फुगवलेला बॉल गुडघ्यापर्यंत उडतो आणि फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, शिकताच येत नाही. मी नऊच्या आसपास ठेवतो आणि पंपाला काटा लावूनच भरतो, बोटानं दाबून नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी चारला सराव ठेवू नका. तापलेल्या, दमलेल्या पोराची मान सगळ्यात आधी फिरायची थांबते. त्या दोन महिन्यांत मी सकाळी सहाला सुरू करतो आणि आठच्या आत सगळ्यांना घरी पाठवतो.