रिफंडचा जोर 'री'वर, मग रिटर्नचा का नाही? व्हॉइस प्रोसेसला नवीन लागणाऱ्यांसाठी

मराठी मीडियमची पोरं इंग्लिश व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे कॉल सेंटरच्या फोनवर बोलायच्या कामाला, लागली की ग्रामरवर फारशी अडत नाहीत, टेन्स आपल्याकडे घोटून घेतात. अडतं ते जोर कुठे द्यायचा यावर, ते शाळेत कुणी सांगत नाही आणि मॉक कॉलला, म्हणजे सरावाच्या खोट्या कॉलला, नेमके तिथेच मार्क उडतात.

नियम ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच कानावर पडतो: नाउन असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, व्हर्ब असेल तर दुसऱ्यावर. अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात बोललेला तुकडा, 'रे-कॉर्ड' असे दोन. रेकॉर्ड, परमिट, ऑब्जेक्ट, इन्क्रीज वगैरे. पण जोर म्हणजे मोठ्यांदा बोलणं नव्हे हो! जोराचं अक्षर थोडं लांबतं आणि उरलेलं बारीक होतं. 'धिस कॉल इज बीइंग रेकॉर्डेड' म्हणताना सुरुवातीचा 'रि' जवळजवळ गिळायचा आणि 'कॉर्ड' उचलायचा. 'ऑब्जेक्ट' व्हर्ब झाला की 'अब्जेक्ट' होतो, 'प्रोजेक्ट'चा 'प्रजेक्ट'. हा बारका 'अ' आपल्याकडे आहेच, 'घर' मधला, फक्त इंग्लिश बोलताना आपण तो वापरत नाही. परमिट रूमचं परमिट कसं दोन्ही अक्षरं सारखी दाबून म्हणतो, तसंच कॉलवर म्हणतो.

आता खरा खड्डा. हा नियम सगळ्या शब्दांना लागत नाही, आणि हे बोर्डवर कोणी लिहीत नाही. दहा शब्दांची लिस्ट देतात, तिच्यात नियम मस्त बसतो, मग आपण तो दिसेल त्या शब्दाला लावत सुटतो. माझं तेच झालं, रिटर्न, रिक्वेस्ट, रिप्लाय सगळ्यांचा 'री' ताणून ताणून बोलायचे आणि आपलं इंग्लिश सुधारलं असं वाटायचं. तर नीट ऐका. रिटर्न, रिक्वेस्ट, रिप्लाय, रिपेअर, रिपोर्ट, रिझल्ट, डिले, कंट्रोल, सपोर्ट, एक्सचेंज हे नाउन असोत की व्हर्ब, जोर दुसऱ्यावरच. उलट आन्सर, ऑफर, ऑर्डर, व्हिजिट, प्रॉमिस यांचा दोन्हीकडे पहिल्यावर. म्हणून 'यू कॅन रिटर्न इट अँड गेट अ रिफंड' या एका वाक्यात रिटर्नचा जोर 'टर्न'वर आणि लगेच पुढे रिफंडचा 'री'वर. पुढच्याच वाक्यात 'वी विल रिफंड यू' आलं की तोच जोर 'फंड'वर जातो. स्पेलिंग बघून हे कळायचं नाही, शब्द एकेक करूनच बसवावा लागतो, शॉर्टकट नाही. पंधरा दिवसांत अमेरिकन अ‍ॅक्सेंट असल्या क्लासला तर एक रुपया देऊ नका, तिथे 'आर' गोल करायला शिकवतात आणि जोर तसाच चुकीच्या जागी राहतो.

उच्चार वहीत देवनागरीत उतरवू नका असं माझं मत आहे, कारण आपल्या लिपीत जोर दिसतच नाही. केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकू येतं, नाउन आणि व्हर्बची नोंद वेगळी असते, दोन्ही उघडून बघा. उच्चारात वर जी छोटी उभी रेघ असते ती जोराच्या अक्षराच्या आधी असते, बरेच जण ती आधीच्या अक्षराची समजतात आणि सगळं उलटं पाठ करतात.

आणि घाबरू नका, एका शब्दाचा जोर चुकला म्हणून कस्टमर फोन ठेवत नाही, संदर्भावरून त्याला कळतं. इंग्लिशवाल्यांचंही आपसात एकमत नाहीये. अ‍ॅड्रेस नाउन असला की बरेच अमेरिकन पहिल्यावर जोर देतात, ब्रिटिश दुसऱ्यावर. पण दर वाक्यात दोन-तीन चुकले तर समोरचा 'सॉरी?' 'सॉरी?' करत बसतो, कॉल लांबतो आणि ऑडिटमध्ये, म्हणजे तुमचे कॉल ऐकून तपासतात तेव्हा, ते तुमच्याच नावावर लागतं.

जोर न हलता शेवट बदलणारेही आहेत, 'यूज' नाउनला शेवटी 'स', व्हर्बला 'झ', आणि 'एस्टिमेट' नाउनला शेवटचं 'मेट' नुसतं 'मट' होतं. ते नंतर बघितलं तरी चालेल. स्क्रिप्ट हातात पडली की आधी 'री'वाले शब्द पेनाने गोल करा आणि प्रत्येक डिक्शनरीत ऐका, ग्रीटिंग-क्लोजिंग काय, ते दोन दिवसांत तोंडात बसतं.