'पुट ऑफ' नक्की कसं वापरायचं?

'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण वाक्यात बसवताना गाडी अडते. म्हणून आधी एकच बघा, पुट ऑफ कशाला केलंय, कामाला की माणसाला?

काम, मीटिंग, परीक्षा, लग्न असं काही असेल तर ते पुढे ढकललं. 'दे पुट ऑफ द वेडिंग टिल मे', लग्न मे महिन्यावर गेलं. याची 'कॉल ऑफ'शी गल्लत करू नका प्लीज, ते म्हणजे रद्दच. कोविडचा काळ आठवा, टोकियो ऑलिम्पिक २०२० ऐवजी २०२१ मधे झालं म्हणजे पुट ऑफ केलं, आणि २०२० चं विम्बल्डन झालंच नाही, ते कॉल ऑफ.

माणूस आला की अर्थ बदलतो. 'द स्मेल पुट मी ऑफ', म्हणजे त्या वासाने खायची इच्छाच गेली. कुणाचं बोलणं ऐकून मन उडालं तरी हेच, 'हिज टोन पुट मी ऑफ'. आणि घरमालक डिपॉझिट आज देतो उद्या देतो करत असेल तर 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ', टोलवतोय नुसता! मला हा वापर फार आवडतो कारण रोज लागतो आणि शिकवत कुणीच नाही.

आता रचना. 'इट', 'मी', 'देम' असले छोटे शब्द कायम मधे येतात, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' कधीच नाही, बाकी 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं. पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावायचं. आपण मनात 'जायचं टाळतोय' असं म्हणतो आणि तोंडातून 'टू गो' निघतं, पण बरोबर आहे 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट'. भूतकाळातही 'पुट'च, 'पुटेड' नाही.

बूट, कपडे काढायला मात्र 'पुट ऑफ' नको. घालायला 'पुट ऑन' असतं म्हणून उलटं 'पुट ऑफ' होत असेल असं वाटतं, पण तिथे 'टेक ऑफ'.

ऑफिसच्या मेलमधे 'पोस्टपोन' लिहिलेलं बरं, कारण 'आय पुट ऑफ द रिपोर्ट' लिहिलंत तर तुम्ही चालढकल केली असंच बॉसला वाटेल.