हद्द आखायची आहे? मग नकाशा सर्वांत शेवटी

अमेरिकेतल्या तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं (म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेनं) शाळांच्या हद्दी, म्हणजे कोणत्या पत्त्यावरच्या मुलांनी कोणत्या शाळेत जायचं ते, नव्यानं आखायचं ठरवलंय आणि पालक म्हणून समितीवर तुमचं नाव लागलंय, तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारणार: "नकाशा कुठे आहे?" तो इतक्यात येऊ देऊ नका. नकाशा टेबलावर आला की खोलीतला प्रत्येक जण त्यात स्वतःचं घर शोधतो आणि मग पुढचे सगळे महिने बोलणं त्या घराभोवतीच फिरत राहतं. देशात 13 हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकाची रीत निराळी. पण पहिली रेघ ओढण्याआधी हाताशी काय हवं, ते बहुतेक ठिकाणी सारखंच आहे.

आधी पट मागा, आणि एक नाही, दोन. शाळेत येणारी मुलं किती, आणि शाळेच्या हद्दीत राहणारी मुलं किती? हे दोन आकडे क्वचितच जुळतात. कुणी खास विषयांवर भर देणाऱ्या मॅग्नेट शाळेत जातं, कुणी सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळेत, कुणी परवानगी काढून पलीकडच्या शाळेत. एखादी शाळा ओसंडून वाहत असते आणि पत्ते तपासले तर कळतं की हद्दीतली मुलं बेताचीच आहेत, गर्दी बाहेरून आलेल्यांची आहे. तिथं हद्द हलवण्याऐवजी बाहेरचे प्रवेश थोडे आवरले तरी भागतं. हे आधी कळलं तर शेकडो घरांची झोप वाचते. आकडा कोणत्या तारखेचा आहे, तेही विचारा. बऱ्याच राज्यांत अधिकृत मोजणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते. एका शाळेचा पट ऑक्टोबरचा आणि दुसरीचा मे महिन्याचा असेल तर तुलनेला अर्थ नाही.

मग इमारतीची क्षमता. इथं घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कागदावर समजा 24 खोल्या आणि खोलीमागे 25 मुलं, म्हणजे 600 झाली. पण त्यातली एक खोली संगीताची, एक चित्रकलेची, एक वाचनाच्या मदतवर्गाची, तीन विशेष शिक्षणाच्या, जिथे एका वेळी दहाच मुलं बसतात. उरलेल्या 18 खोल्यांत 450 आणि विशेष शिक्षणाची 30, असे 480 झाले. पाचशे मुलांची शाळा पहिल्या हिशेबानं बरीच रिकामी, दुसऱ्या हिशेबानं खचाखच. दोन्ही आकडे कागदोपत्री खरे, म्हणून तुलनेत सगळ्या शाळांना एकच हिशेब लावलाय ना ते बघा. मागच्या मैदानात उभे केलेले ट्रेलरचे वर्ग धरलेत की वगळलेत, हेही लेखी घ्या. आणि जमलं तर प्रत्येक शाळेत एकदा जेवणाच्या वेळी जाऊन या. पहिली पंगत साडेदहाला बसत असेल तर कॅफेटेरिया पुरत नाही, हे सांगायला तक्ता लागत नाही.

पुढच्या पाच-दहा वर्षांचा अंदाज कुणी आणि कसा केला, हे समजून घ्या. सर्रास वापरली जाणारी पद्धत साधी आहे. गेल्या वर्षी पहिलीत 80 मुलं होती, यंदा दुसरीत 84 आहेत, तर गुणोत्तर 1.05. अशी काही वर्षांची सरासरी काढून प्रत्येक इयत्ता पुढे सरकवायची. किंडरगार्टनसाठी पाच वर्षांपूर्वीच्या जन्मांची नोंद वापरतात. पद्धत चांगली आहे, पण काल जसं घडलं तसंच उद्या घडेल असं ती गृहीत धरते. 2020 च्या शरदात देशभरातल्या सरकारी शाळांचा पट सुमारे 3 टक्क्यांनी घसरला आणि सगळ्यात मोठी घसरण किंडरगार्टन आणि त्याच्याही आधीच्या वर्गांत झाली. ते वर्ष सरासरीत जसंच्या तसं शिरलं असेल तर अंदाज कलतो. नव्या वसाहतींचा हिशेब वेगळा मागा: मंजूर घरं किती, त्यांतली किती खरंच बांधून होतायत, आणि तशाच जुन्या घरांतून दर शंभर घरांमागे आजवर किती मुलं आली. बिल्डरच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. एक सूचना मात्र गाठीशी ठेवा: अंदाज अख्ख्या डिस्ट्रिक्टचा बरा निघतो, चार गल्ल्यांचा नाही. चार गल्ल्यांत एक कुटुंब तीन मुलांसह राहायला आलं की गणित बदलतं.

आता निकष. लिहा, क्रम लावा आणि नकाशा दिसण्याआधी त्यावर मतदान घ्या. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच बैठक सर्वांत महत्त्वाची, आणि तिला सर्वांत कमी लोक येतात. पट समतोल हवा, मुलांना चालत जाता यावं, एका एलिमेंटरीची मुलं दोन मिडल स्कूलमध्ये फाटू नयेत, गरीब आणि सुखवस्तू वस्त्या वेगवेगळ्या शाळांत साचू नयेत, आणि मागच्या वेळी ज्यांना हलवलं त्यांनाच पुन्हा हलवू नये. यातलं प्रत्येक वाक्य सगळ्यांना पटतं. पण सगळी एकदम पाळता येत नाहीत. कोणतं आधी सोडायचं हे ठरलेलं नसेल तर ज्याचा आवाज मोठा, त्याचा निकष वरचा.

कायद्याची फाइल वकिलाकडून घ्या. डिस्ट्रिक्टवर जुना वर्णविभाजनविरोधी न्यायालयीन आदेश अजून लागू आहे का, हा पहिला प्रश्न. डेन्व्हरच्या खटल्यात 1973 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता, की तिथल्या स्कूल बोर्डानं हद्दी मुद्दाम वाकवून वेगळेपण टिकवलं. याच न्यायालयाच्या 2007 च्या निकालानं एकेका मुलाचा वंश पाहून शाळा ठरवण्यावर कडक बंधनं आणली, पण वस्तीची सर्वसाधारण रचना ध्यानात घेऊन हद्द आखायला हरकत नाही, असं न्यायमूर्ती केनेडींनी आपल्या वेगळ्या मतात लिहिलं. गरिबी मोजायला मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा आकडा वापरणार असाल तर सांभाळा: काही शाळांत सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळतं, तिथं घरोघरीचे अर्ज घेतलेच जात नाहीत. आणि गल्लीत दोनच मुलं असतील तर त्यांचा आकडा जाहीर तक्त्यात छापू नका, ती कोण हे शेजाऱ्यांना लगेच कळतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी 1974 पासून कायद्यानं गोपनीय आहेत.

रस्ते पायांनी तपासा. नकाशावर अर्धा मैल दिसणाऱ्या अंतरात सहापदरी रस्ता असतो किंवा रेल्वेचं फाटक. बससेवेच्या प्रमुखांना समितीत पहिल्यापासून बसवा. एकच बस सकाळी दोन-तीन शाळांच्या फेऱ्या करते, त्यामुळे एका हद्दीचा बदल तिसऱ्याच शाळेची घंटा पुढे ढकलू शकतो.

जुन्या शाळेत कुणाला राहू द्यायचं, हे वेगळ्या कागदावर घ्या. शेवटच्या इयत्तेतल्यांना सहसा राहू देतात, मग धाकट्या भावंडांचं काय, आणि त्यांना बस मिळणार का? प्रत्येक सवलतीपुढे मुलांची संख्या लिहा. सगळ्यांनाच राहू दिलं तर गर्दी हटायला कितीतरी वर्षं जातात, आणि तोवर नवा अंदाजही शिळा होतो. बेघर कुटुंबांतल्या मुलांना मूळ शाळेत राहण्याचा हक्क केंद्रीय कायद्यानंच आहे, तिथं समितीची मर्जी चालत नाही.

घरांच्या किमतींचा विषय निघणारच. मॅसॅच्युसेट्समधल्या घरांवरच्या 1999 च्या एका गाजलेल्या अभ्यासात हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली होती. परीक्षेतले गुण 5 टक्के वाढले तर पालक घरासाठी सुमारे 2.5 टक्के जास्त मोजतात, असं त्यात निघालं. म्हणजे ही भीती मनाचा खेळ नाही. ऐकून घ्या, नोंदवा, पण किंमत तुमच्या निकषांच्या यादीत नाही, हे शांतपणे सांगायची तयारी ठेवा.

जाहीर सुनावणी एक संध्याकाळी आणि एक शनिवारी लावा. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांचे दुभाषे आधी ठरवा, नाहीतर माइकसमोर तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतील. तारखा उलट्या मोजा: किंडरगार्टनची नोंदणी, शिक्षकांच्या नेमणुका, बसचे मार्ग. हद्दींवरचं अंतिम मतदान या सगळ्यांच्या आधी उरकायला हवं.

हे सगळं झालं की नकाशे मागवा. एक नाही, तीन, एकाच दिवशी, आणि प्रत्येकाखाली त्याच रकान्यांचा तक्ता. प्रत्येक पानावर तारीख, आवृत्तीचा क्रमांक आणि मोठ्या अक्षरांत 'कच्चा' असं छापून घ्या, कारण त्याच रात्री त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरणार आहे आणि दोन महिन्यांनी कुणीतरी तोच घेऊन सुनावणीला उभं राहणार आहे.