४७१ हलाल आहे का? पाकिटावर काय बघायचं

४७१ हा तेल-पाणी एकजीव धरून ठेवणारा घटक (इमल्सिफायर); तो तेलापासून बनतो तसा प्राण्याच्या चरबीपासूनही. घटकांत ‘इमल्सिफायर (४७१)’ वाचलं की आधी पाकीट कुठलं आहे ते बघा. भारतातलं असेल तर चौकोनातला हिरवा ठिपका शोधा. तो असेल तर दूध, मध, लाख अशा मोजक्या गोष्टी सोडून प्राण्यापासून काढलेलं काहीच चालत नाही, अंडंसुद्धा नाही. म्हणजे ४७१ पाम, सोया अशा तेलाचंच. चरबीचा प्रश्न मिटला, अल्कोहोलचा नाही. इसेन्समध्ये अल्कोहोल असलं तरी ठिपका हिरवाच राहतो. केकवर तपकिरी त्रिकोण असला तर बहुतेकदा कारण अंडं असतं, तरी घटक वाचाच.

खरी डोकेदुखी आखातातून किंवा लंडनहून आलेल्या बॅगेची. तिथल्या पाकिटावर हिरवा ठिपका नाही, नुसतं ‘ई ४७१’. ‘शाकाहारींसाठी योग्य’ असं छापलेलं असेल तर ठीक. ‘डुक्कर नाही’ एवढ्यावर विसंबू नका. गाईची चरबीही जनावर हलाल केलेलं नसेल तर मुरदारच, म्हणजे खायला निषिद्ध.

३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाचं किंवा सूर्यफुलाचं, कधी अंड्याचं. ४०७ समुद्री शेवाळातलं, ४१२ गवारीच्या बियांचं. यांची चिंता नको. चॉकलेटातलं ४७६ एरंडेलापासून बनतं, फक्त त्यातलं ग्लिसरीन कशाचं ते विचारावं. शंका धरायची ती ४७१, ४७२ आणि त्याची पिल्लावळ, ४८१, ४३३, ४९१ यांची. यांतलं फॅटी अ‍ॅसिड तेलातून येतं तसं चरबीतूनही येतं, आणि रेणू दोन्हीकडे तोच. शुद्ध केलेल्या चरबीत डीएनए जवळपास उरत नाही, त्यामुळे प्रयोगशाळाही खात्री देत नाही. कागदच मागावा लागतो.

मग चरबीचं ‘रूप पालटलं की पाक (शुद्ध)’ असं काही जण म्हणतात, ते खरं का? वस्तूचं मूळ रूप पूर्ण बदललं, म्हणजे इस्तिहाला झाला, तर हुकूम बदलतो हे हनफी मजहबाचं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका परंपरेचं, मत. त्यावर काही उलेमा (धर्मपंडित) सवलत देतात. कोकणातले मुसलमान मात्र बहुतेक शाफई. त्या मजहबात ही वाट फार अरुंद आहे: दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पाक, पण डुकराच्या चरबीचं ४७१ केलं तरी नजिसच (अपवित्रच). तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फतवा कुठल्या मजहबाचा, ते आधी बघा.

नाक्यावरच्या बेकरीत ‘हलाल आहे का?’ विचारून उपयोग नाही, उत्तर ‘हो’च येणार. पावात घालतात त्या इम्प्रूव्हरची (पाव सुधारणाऱ्या पुडीची) गोणी आणि केकच्या जेलचा डबा दाखवायला सांगा. गोणीवर ९२० असेल तर ते एल-सिस्टीन. केसांपासून किंवा पिसांपासूनही बनतं, त्याचं मूळ वेगळं विचारा.

कंपनीला लिहिताना ‘हलाल का?’ एवढंच लिहू नका. फॅटी अ‍ॅसिड कशाचं, ग्लिसरीन कशाचं, प्राण्याचं असेल तर कोणत्या आणि कसं कापलेलं, हे विचारा, सोबत बॅच नंबर द्या. पुरवठादार बदलला की मूळही बदलतं; गेल्या वर्षीचं उत्तर या वर्षीच्या पाकिटाला लावू नका.