स्ट्रीमर चालू, पण ॲपमधून गायब

रीस्टार्ट केला की स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी वाजवणारं उपकरण) फोनवरच्या ॲपमध्ये लगेच दिसायचा, काही मिनिटांनी गायब. ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाकला तर सेटिंगचं पान मात्र बिनतक्रार उघडायचं. म्हणजे केबल, वाय-फाय सगळं ठीक. अडत होता तो फक्त शोध.

ॲप स्ट्रीमरला शोधतं ते यूपीएनपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांनी एकमेकांना ओळखण्याच्या पद्धतीने. हा शोध २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना संदेश पाठवायच्या) पत्त्यावर, यूडीपी पोर्ट १९०० वर चालतो. माझ्या स्विचमध्ये (नेटवर्कच्या केबल जोडतो तो डबा) आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्यांकडेच पाठवायची सोय, चालू होतं; मागणाऱ्यांची विचारपूस करणारा क्वेरिअर मात्र बंद. ‘कोणाला हे मल्टिकास्ट हवंय?’ असं अधूनमधून विचारणारंच कोणी नसलं, की स्विच मुदत संपताच स्ट्रीमरचं नाव यादीतून काढून टाकतो. क्वेरिअर चालू केला, तेव्हापासून तो ॲपमध्ये कायम दिसतोय. स्विचमध्ये ती सोय नसेल तर स्नूपिंगच बंद करा. घरच्या छोट्या नेटवर्कला सहसा काही फरक पडत नाही.

फोनवर व्हीपीएन किंवा गेस्ट वाय-फाय नाही ना, हे आधी बघाच; त्यानेही शोध अडू शकतो.